विरहभत्ता

हॉटेल नीलपर्णमध्ये पगार कामावर ठरत नसे, गावावर ठरत असे. आणि एखादं गाव रिकामं झालं की अर्ज मागवून ते दुसऱ्याला देत.

यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पुण्यात स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या त्या हॉटेलात कामाला येणारा प्रत्येक जण कुठून ना कुठून आलेला असायचा आणि येताना काहीतरी मागे ठेवून आलेला असायचा. जे मागे राहिलं त्याची भरपाई म्हणून मालकांनी विरहभत्ता सुरू केला होता. मूळ पगार सगळ्यांना सारखाच, पण तो नावापुरता. खरा पगार भत्त्यातच असे. त्यासाठी एक समिती गावोगाव जाऊन आली होती. समुद्र असला तर गावाचा दर वरचा, बारमाही नदी किंवा आमराई असली तर मधला, आणि बाकीच्यांनी आपापल्या नशिबाला बोल लावावा. जत तालुक्यातल्या डोणवाडीला समिती ऐन उन्हात उतरली, जवळच्या पाण्याच्या बाटल्या संपवल्या आणि शेरा लिहून परत फिरली: ‘आठवण येण्यासारखं काही आढळलं नाही.’

बायकांचं गाव निम्मं धरत. त्यांनी ते लग्नाच्या वेळी एकदा सोडलेलंच असतं, तेव्हा दुसऱ्यांदा सोडताना तेवढा त्रास होत नाही, असं समितीचं म्हणणं होतं. समितीत सगळे पुरुष होते आणि त्यातले दोघे तर घरजावई होते, पण तो विषय वेगळा.

शालन डोणवाडीची. चौथ्या मजल्यावरच्या खोल्या तिच्याकडे आणि मांडवकरबाईंकडे मिळून होत्या. मांडवकरबाई गुहागरकडच्या वेळणकोंडच्या. दोघी एकाच ट्रॉलीवरून चादरी घेत, एकाच पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून घालत, पण बाईंच्या बाजूला समुद्र होता आणि शालनच्या बाजूला बाभळी. त्यामुळे पगारात जमीन-अस्मानाचा फरक पडे. शालनला बाईंचा राग नव्हता. तिला फक्त त्या शेऱ्याचं नवल वाटायचं, कारण डोणवाडीची आठवण तिला रोज यायची. उशीचा अभ्रा झटकला की यायची. संध्याकाळी दारापुढं शेळ्या बांधून आई हाक मारायची, ती हाक तिला चौथ्या मजल्यावर ऐकू यायची. समितीला ऐकू आली नव्हती, कारण समिती दुपारी गेली होती.

आईला आता मात्र शेळ्या दिसेनाशा झाल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलं होतं, आणि डोणवाडीच्या निम्म्या भत्त्यात ते होणारं नव्हतं.

अशात मांडवकरबाई निवृत्त झाल्या. निवृत्तांना गाव लागत नाही असा नियम होता, म्हणून निरोपाच्या दिवशी नारळ आणि शाल घेऊन त्यांनी वेळणकोंड कार्यालयात जमा केलं आणि वडगावला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेल्या. पुढं एकदा त्या शालनला बाजारात भेटल्या. बऱ्या दिसत होत्या. कशाचंच काही वाटत नाही बघ, म्हणाल्या, आणि मेथीची जुडी निवडू लागल्या.

वेळणकोंडसाठी शालनचा अर्ज ज्येष्ठतेत पहिला होता. मनुष्यबळ विभागाचे वाळिंबे साहेब सज्जन माणूस. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि अटी नीट समजावून दिल्या. बोली गावाबरोबर येईल, हळूहळू. सुट्टी नव्या गावाप्रमाणे, म्हणजे गणपतीत. जुनं गाव पहिल्या तारखेपासून रिकामं धरलं जाईल.

“आणि आई?” शालननं विचारलं.

“आई गावात येते,” वाळिंबे म्हणाले. “गावाचे आपण तुकडे करत नाही. मागे एकदा करून पाहिले होते, फार तक्रारी आल्या.”

“म्हणजे मी तिला विसरणार?”

“छे, छे. आठवण तुमचीच राहील, तिला कुणी हात लावत नाही. फक्त ओढ जाईल. भत्ता ओढीचा असतो, आठवणीचा नसतो.”

शालननं चहा संपेपर्यंत विचार केला. आईला दिसू लागेल, हे एका बाजूला होतं. दुसऱ्या बाजूला जे होतं ते तिला वाळिंब्यांसारखं नेमकं सांगता आलं नसतं. तिनं सही केली. एका हातानं द्यावं आणि दुसऱ्या हातानं घ्यावं, अशीच जगाची रीत, असं तिनं स्वतःला समजावलं. लेकीनं आईसाठी एवढं करू नये तर काय करावं!

पहिल्या तारखेला ओढ आली. शालन बाथरूम पुसत होती. एकाएकी तिला वाळत घातलेल्या आमसुलांचा वास आला आणि टबाच्या कडेवर बसून ती हमसाहमशी रडली. जन्मात तिनं समुद्र पाहिला नव्हता, पण भरतीची गाज, विहिरीवरचा रहाट, पाखाडीच्या उतरत्या दगडी पायऱ्यांवर पडलेली सुरंगीची फुलं, सगळं तिच्या जिवाला लागून राहिलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. समितीचा दर बरोबरच होता म्हणायचा.

पैसे तिनं डोणवाडीला पाठवले, कारण पाठवायचं ठरवलेलं तिच्या लक्षात होतं. ऑपरेशन झालं. चुलतभावानं कळवलं की पट्टी काढल्यावर म्हातारीनं आधी शेळ्या मोजल्या. शालनला बरं वाटलं. कुणाचंही ऑपरेशन चांगलं झालं की वाटतं तसं बरं वाटलं.

मांडवकरबाईंच्या जागी सुकेशिनी आली. भंडाऱ्याकडची पोर, विशी नुकतीच ओलांडलेली, चुणचुणीत. तिचं गाव ती लहान असतानाच धरणात गेलं होतं आणि आईवडील गाव हलवल्यावर फार जगले नव्हते. ती मामाकडे वाढली. समितीला त्या गावात जाता आलं नव्हतं, कारण तिथं पाणी होतं. पाण्याला दर द्यावा की काय यावर बराच खल झाला आणि शेवटी तिच्या नावापुढं ‘गाव: निरंक’ असं लिहिलं गेलं. निरंक माणसाला भत्ता नसतो. डोणवाडी तेव्हा रिकामंच पडलं होतं, त्यासाठी कोणाचाही अर्ज नव्हता. वाळिंब्यांनी ते तिला देऊन टाकलं. नसण्यापेक्षा बरं, म्हणाले.

पंधरवड्यात सुकेशिनीच्या बोलण्यात ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ आलं. तिला संध्याकाळी डोणवाडीहून फोन येऊ लागले. लिनन रूममध्ये कपाटाला टेकून ती बोलत बसे आणि हात मोकळे राहावेत म्हणून फोन मोठ्या आवाजात ठेवी. “सुके, जेवलीस का गं?” असा आवाज यायचा. शालन शेजारीच टॉवेल मोजत असायची. आवाज ती ओळखायची. या बाईनं आपल्याला गोवराच्या तापात खांद्यावर टाकून तालुक्यापर्यंत नेलं होतं, हे तिला आठवायचं. घसा कसा बसला आहे, दम कुठं लागतो, सगळं कळायचं. काहीतरी व्हायला हवं होतं आणि होत नव्हतं. ती टॉवेल पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

गणपतीत ती वेळणकोंडला गेली. एसटीतून उतरल्यापासून पाय आपोआप वाट धरत होते. मांडवकरबाईंचे काका, ऐंशी पार केलेले, पडवीत बसले होते. “आलीस गो बाय?” एवढंच म्हणाले. मागच्या वर्षीचा चेहरा आणि या वर्षीचा चेहरा त्यांनी ताडून पाहिला नाही. दरवर्षी त्या गाडीनं कुणीतरी येतं, तेवढं त्यांना पुरे होतं. त्यांनी तिला घावणे खाऊ घातले, निघताना फणसपोळी दिली, आणि गाडी वळणावर गेली तेव्हा शालनला खरंच भरून आलं. पण त्या भरून येण्यातच तिला कळलं की आपण नेमकं काय देऊन बसलो. माणसाला काहीतरी दुखल्याशिवाय तिथं काय होतं ते कळत नाही. तिला आईची ओढ लागली नव्हती. आईची ओढ लागावी, एवढीच ओढ लागली होती. त्यासाठी कोणत्याच तक्त्यात दर नव्हता.

पुण्यात परतल्यावर ती थेट वाळिंब्यांकडे गेली. त्यांनी नियमांची फाइल काढली. परस्पर संमतीनं अदलाबदल करता येते, म्हणाले, मात्र दुसऱ्या बाजूचीही सही हवी. “त्यात अडचण यायची नाही,” ते म्हणाले. “तिचा फायदाच आहे. नुकसान तुमचं. पुन्हा विचार करा.”

शालननं विचार केलेला होता. दुसऱ्या दिवशी लिनन रूममध्ये तिनं सुकेशिनीपुढं विषय काढला. वेळणकोंडला समुद्र आहे, सांगितलं. माडाची बाग आहे, काका प्रेमळ आहेत, भत्ता तर एवढा की पोरीला बहुतेक एकट्यानं खोली घेता येईल, आता सहा जणींत झोपते तसं झोपावं लागणार नाही. सुकेशिनी चादरीची आपल्याकडची टोकं धरून ऐकत होती. दोघींच्या मध्ये चादर ताणलेली होती.

“तिकडं आई हाय का?” तिनं विचारलं.

शालन खोटं बोलू शकली असती. “नाही,” ती म्हणाली. “काका आहेत.”

“मग नगं, ताई.”

“अगं, पगार बघ.”

“बघितला की. समद्यांचा बघितला.” सुकेशिनी हळू आवाजात म्हणाली. “मला कोन जेवलीस का म्हून इचारत नव्हतं. आता रोज इचारत्यात. तुमी ते परत मागू नका.”

शालननं मागितलं नाही. तिच्याकडे कारण होतं, हक्कही थोडाफार होता, पण लेकीला आईकडे ओढून नेणारी जी गोष्ट तिच्यापाशी असायला हवी होती, तीच सुकेशिनीकडे होती. भांडायचं तरी कशाच्या जोरावर? त्यांनी चादरीची घडी केली आणि दुसरी घेतली. वाळिंब्यांना हे कळलं तेव्हा ते चकित झाले आणि नोकरदारांना स्वतःचं हित कळत नाही, अशी नोंद त्यांनी वार्षिक अहवालात केली.

मार्गशीर्षात डोणवाडीची जत्रा. सुकेशिनी पहिल्यांदाच सुट्टीवर गेली. शालननं तिच्याबरोबर म्हातारीसाठी एक लुगडं दिलं. कुणी दिलं म्हणून सांगू, असं पोरीनं विचारलं. हॉटेलातल्या एकीनं दिलं म्हणून सांग, शालन म्हणाली.

आठवड्यानं सुकेशिनी आली ती उन्हानं रापून, हातात हिरव्या बांगड्या भरून. डब्यात कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. शालननं खाल्ली. चटणी चांगली होती, तिच्या आताच्या जिभेला जरा तिखट लागली.

“लुगडं लई आवडलं,” सुकेशिनी म्हणाली. “डोळ्याजवळ धरून काठ बघितला. म्हनाली, कुनी दिलं? मी नाव सांगितलं, ऱ्हावलं न्हाई. तर म्हनाली, ती शालन व्हय? बरी हाय का ती? आदी ती आपल्याच गावची हुती.”

शालननं डब्याचं झाकण लावलं. “आणखी काय म्हणाली?”

“आनी काय न्हाई. चांगली पोरगी हुती म्हनाली.”

चादरींचा ढीग पडला होता. दोघी उठून कामाला लागल्या. दोन-तीन घड्या झाल्या आणि सुकेशिनीचे हात थांबले, डोळे भरून वाहू लागले. डोणवाडी सोडून तिला पुरता एक दिवसही झाला नव्हता. तिला आई आठवत होती. शालननं तिला थोपटलं नाही, गप्पही केलं नाही. तिनं दार लोटून घेतलं.

“कसं होतंय, सांग ना,” ती म्हणाली.

सुकेशिनीनं बाहीनं डोळे पुसले. “हितं होतंय,” ती छातीच्या जरा खाली हात ठेवून म्हणाली. “घास अडकल्यागत. दिवेलागण झाली की जास्ती. आता ती शेरडं बांधत असंल, असं वाटतं. मग हाक मारल्यागत होतं, आन् आपन हितं असतो.”

“मग?”

“मग काय न्हाई. मग चादर घालायची.”

शालननं मान हलवली. बरोबर आहे, म्हणाली, असंच असायचं. तिनं चादरीची आपल्याकडची टोकं उचलली, पण घडीसाठी पुढं आली नाही.

“पुन्हा एकदा सांग,” ती म्हणाली. “सावकाश सांग.”