उजव्या हाताचा सरकारी तर्जुमा

निजामाच्या अमलात तालुक्याच्या कचेरीत मराठी अर्ज उर्दू तर्जुम्याशिवाय पुढे सरकत नसे. अर्जात अलंकार असेल, तर तर्जुम्यात त्याच्या तोलाचा अलंकार हवा. सरकारशी साधं बोलणं ही बेअदबी होती.

ऐन पेरणीत पालमच्या बायनाबाईचा बैल कोंडवाड्यात गेला. घरात दुसरं जनावर नाही, दुसरं माणूस नाही. पंधरवड्यात सोडवायचा हुकूम आला नाही, तर बैलाचा हर्रास, म्हणजे जाहीर लिलाव. तिने अर्जात सांगितलं, "बैल म्हंजे माजा उजवा हात हाय. तेवढा सोडा."

तर्जुमा करणारे दिनकरराव विचारात पडले. हात त्यांना खेडवळ वाटला. त्यांनी बैलाला डोळ्यांतला उजेड केलं आणि तोल तपासायला अर्ज वर धाडला. वरच्या कचेरीने उजेडाचा दिवा केला. परभणीने दिव्याचा चंद्र केला, त्याला ढगांच्या कैदेत घातलं आणि शेरा मारला: एवढ्या चंद्राशेजारी बैल शोभत नाही, सबब बैल वगळावा.

बायनाबाई रोज कचेरीच्या पायरीवर येऊन विचारी.

"मावशी, तुमचा अर्ज लय चढायलाय," दिनकरराव अभिमानाने म्हणाले. "बैलाचा चंद्र झालाय."

"मग त्या चंद्राला वैरण कोण टाकायलंय, सायेब?"

हा प्रश्न त्यांच्या अखत्यारीतला नव्हता.

पंधरवडा संपला त्या सकाळी हर्रास झाला. लिंबाजी नावाचा व्यापारी बैल घेऊन ताडकळसच्या बाजाराकडे गेला. त्याच संध्याकाळी परभणीत अर्ज वाचला गेला. वाहवा थांबेना. मोठ्या साहेबांचे डोळे पाणावले. हुकूम झाला: अर्ज मंजूर. चंद्रास ढगांतून फौरन मुक्त करावं, अर्जदार बाईस शाल द्यावी. तालुक्याच्या शिपायाने कचेरीबाहेर येऊन आभाळ पाहिलं. चंद्र मोकळा आढळला. हुकूम तामील झाल्याचं लिहून अर्जाची मिसल बंद झाली.

दिनकररावांनी शाल बायनाबाईच्या खांद्यावर घातली. तिने ती चाचपून पाहिली.

"सायेब, ही तिफणीला जुंपता येती का?"

कचेरीने हळहळून माना हलवल्या. बाईला रसिकता म्हणून नव्हती.

हा किस्सा मी सांगतो तिथे लोक ढगांच्या कैदेतला चंद्र पुन्हा म्हणायला लावतात. तुम्हीही मनात दाद दिली असेलच. बैल कोणत्या रंगाचा होता, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा.