आकडेमास्तरांची उतरती रेषा

"आज आईला बागेपर्यंत चालवतोच! नाही चालवलं तर नाव बदलीन!"

नाव बदलून फारसं बिघडलं नसतं. पोलीस मुख्यालयाच्या सांख्यिकी शाखेत काय नि घरी काय, सगळे त्यांना आकडेमास्तरच म्हणत. अडचण आईची होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, नाहीतर गुडघे कायमचे रुसतील. आणि आई चोरांच्या भीतीने उंबरठा ओलांडेना!

मास्तरांनी टेबलावर आलेख पसरला.

(रेषा खाली.)

"बघ! आपल्या भागात चोऱ्या निम्म्यावर आल्या!"

"हो का? मग माझी पर्स मारली, ती यात कुठे आहे रे?"

"तुझी पर्स? तक्रार दिलीस?"

"एका पर्ससाठी पोलिसात कोण जातं!"

(रेषा किंचित थरथरली.)

दुसरा कोणी गप्प बसला असता. मास्तर इरेला पेटले! नोंदच नाही म्हणजे आकडा खोटा, आणि खोट्या आकड्यावर आई घराबाहेर कशी पडणार? त्यांनी शेजारी गाठले. समोरच्या काकूंच्या कुंड्या गेल्या होत्या. वरच्या शिंप्याची इस्त्री गेली होती, तीही गरम असताना! खालच्या दंतवैद्याची तर पाटीच लांबवली होती. तक्रार एकाचीही नाही.

"चला सगळे!"

अख्खी इमारत निघाली. सगळ्यात पुढे, पर्सचं वर्णन घोकत, आई! चौकीतल्या हवालदाराला वाटलं मोर्चा आला. त्याने आधी दार लावून घेतलं.

महिना संपला.

(रेषा कागदाबाहेर.)

"मास्तर, तुमच्या गल्लीत चोरांचं संमेलन भरलंय का?" साहेब कडाडले.

"साहेब, चोऱ्या नाही वाढल्या, नोंदी वाढल्या!"

"हे पेपरवाल्यांना सांगा!"

सांगितलं. मथळा आला : 'शहरातली सर्वात धोकादायक गल्ली!'

मास्तर धास्तावून घरी आले. आता आई पलंगावरूनही उतरायची नाही! तर आई दारात, चपला घालून.

"कुठे निघालीस?"

"चौकीत. पर्सचं काय झालं, रोज विचारून येते. डॉक्टर म्हणाले, गुडघे छान सुटलेत."

"म्हणजे भीती गेली!"

"डोंबल गेली! पेपर वाचलास ना? जाता-येता हवालदार असतो सोबतीला, अगदी घरापर्यंत. काल तेवढ्यात त्याचीच सायकल गेली बिचाऱ्याची, चौकीसमोरून!"

"मग नोंदवली ना त्याने?"

"मी म्हटलं त्याला. तर म्हणतो, 'नको आजी, आकडा वाढला की मुख्यालयातून खरमरीत पत्र येतं. कालच एक आलंय.'"

पत्र पाठवायला साहेबांनी सांगितलं होतं खरं, पण पत्रातला 'खरमरीत' मजकूर मास्तरांचा स्वतःचा होता.