नकट्या सिंहाची मीठदाणी

लंडनच्या राजवाड्यातल्या चांदीच्या सिंहाचं नाक गेल्याचं वारसा समितीच्या लक्षात आलं, तेव्हा ते जाऊन एक पिढी उलटली होती.

सिंह बसला होता मीठदाणीवर. आयाळीचा केस न् केस कोरलेला, पायाशी द्राक्षांचे वेल. चांदीची भांडी सांभाळणारे कोठीवाले ऑटरी उजळायची लाल भुकटी लावून उघड्या अंगठ्यानं तो घासत; त्यांच्या आधी वडील, आजोबा घासत. निष्ठा उजळली, नाक झिजलं. येत्या मेजवानीनंतर ऑटरी निवृत्त होणार होते. जन्म तळघरात गेला. पाहुण्यांना या सिंहापुढचं मीठ घेताना एकदा तरी डोळ्यांनी पाहावं, एवढीच त्यांची हौस होती.

समितीच्या अध्यक्षा लेडी प्रुडन्स म्हणाल्या, "घासणं आजपासून बंद."

"काळा पडेल हो, बाईसाहेब."

"पडू दे. काळेपणा हाही वारसाच."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. काळी चांदी मेजावर उघडी शोभेना, म्हणून काचेची पेटी आली. मिठानं चांदी खराब होते, म्हणून मीठ बंद झालं. दुसरी मीठदाणी ठेवावी तर हिचा अवमान, तीही बंद. सर्व ठराव एकमतानं संमत झाले.

स्वयंपाकी मात्र रिवाजाप्रमाणे हात राखूनच मीठ घालत राहिला. बाकीचं मेजावर बघून घेतात!

मेजवानीत थोरल्या ड्यूकनी सूपचा चमचा तोंडात घातला आणि पेटीतल्या सिंहाकडे पाहिलं. पण भर पंगतीत मीठ मागणं म्हणजे यजमानाला शिवी.

"वा! काय नाजूक चव!" ड्यूक म्हणाले. पंगतभर माना डोलल्या.

दाराशी उभ्या ऑटरींना राहवेना. त्यांनी पेटी उघडली, खिशातल्या पुडीतलं मीठ दाणीत ओतलं आणि ती ड्यूकपुढे धरली. "सरकार, मीठ."

ड्यूकनी ओठांवरून जीभ फिरवली. मग लेडी प्रुडन्सकडे पाहिलं.

"नको, नको. अगदी बेताचं आहे!"

पुढच्यानंही नको म्हटलं. त्याच्या पुढच्यानंही. ऑटरींचा चेहरा पडला. दाणी घेऊन ते तळघरात उतरले, सिंहासमोर बसून एक उकडलेलं अंडं सोललं आणि चिमूटभर मीठ घेतलं. वारशाच्या गैरवापराबद्दल त्यांचा निरोपसमारंभ रद्द झाला.

हसताय? परवा अळणी भाजीला "वहिनी, फक्कड झालीय" म्हणत पुन्हा वाढून घेतलीत, तेव्हा तुमच्यासमोरच्या शोकेसमध्येही चांदीची ताटं होतीच.