खोडरबरावर बंदी नव्हती

त्या एका कागदापासून घरात कुणाचा काय फायदा होणार होता, ते आधी सांगून टाकते. म्हणजे शेवटी कुणाचं काय गेलं ते मोजायला बरं पडेल.

नवऱ्याला मिळणार होतं नाव. संग्रहालयाच्या काचेखाली, चित्राच्या शेजारी, छोट्याशा पांढऱ्या पट्टीवर 'यांच्या संग्रहातून' असं छापील नाव! सासऱ्यांना हॉलमध्ये पाय पसरून पेपर वाचायची मुभा परत मिळणार होती. पोरांना त्यांचे जप्त झालेले रंग. आणि मला मिळणार होती एक खोली. आतून कडी लागणारी! ऑफिसातून आल्यावर मी तिथे अर्धा तास नुसती आडवी पडणार होते, आणि 'आई, माझा मोजा कुठंय?' असं विचारायला कुणी बोटांनी माझ्या पापण्या उघडणार नव्हतं.

म्हणजे बघा, सगळ्यांत गरीब मागणी माझीच होती.

कागद म्हणजे एका कॉमिकचं मूळ पान. छापलेलं नव्हे; चित्रकाराने स्वतःच्या हाताने, शाईने काढलेलं. लांब कोटातला एक गुप्तहेर एका चोरामागे धावतोय आणि ओरडतोय, "पळू नकोस, बदमाशा! कायदा तुझ्या मागेच आहे!" नवऱ्याचं सगळं बालपण म्हणे या गुप्तहेराने घडवलं. नवऱ्याकडे बघून हे खरं वाटत नाही, पण असो. ज्या पैशात नवं वॉशिंग मशीन यायचं होतं, त्यात हा गुप्तहेर आला.

"अरे, घरात दोन लहान मुलं आहेत," मी म्हटलं.

"तू काळजीच सोड!" नवरा म्हणाला. "असा बंदोबस्त करतो, की मुंगी जरी आत शिरली ना, तरी मला विचारून शिरेल!"

बंदोबस्त झाला. पान माझ्या त्या खोलीत गेलं आणि तिथला पसारा हॉलमध्ये, सासऱ्यांच्या पाय पसरायच्या जागेत आला. दाराला कुलूप, पानाला फ्रेम, फ्रेमवर काळा पडदा. घरातले स्केचपेन, खडू, जलरंग एका पेटीत भरून माळ्यावर. सरबत, जॅम आणि टोमॅटो सॉस फक्त स्वयंपाकघरात, तेही गळ्यात फडकं बांधून. सात वर्षांच्या थोरलीने गृहपाठापुरती पेन्सिल घ्यायची आणि झाल्यावर बापाकडे जमा करायची, पोलिसाने बंदूक जमा करावी तशी! तीन वर्षांचा धाकटा तर ज्याला-त्याला आपले दोन्ही तळवे उघडून दाखवायला लागला. दूधवाला आला तरी.

आणि रोज झोपण्याआधी कवायत.

"पानाला हात?"

"लावायचा नाही!"

"रेघ?"

"मारायची नाही!"

"मारली तर?"

"बाबा मरणार!" धाकटा टाळ्या वाजवत ओरडायचा. दिवसभरातलं त्याचं हे सगळ्यांत आवडतं वाक्य.

येणाऱ्या-जाणाऱ्याला नवरा पान दाखवायचा, पण बाळंतिणीच्या खोलीतलं तान्हं मूल दाखवावं तसं. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, तो पडदा बाजूला करणार, तुम्ही "वा!" म्हणणार, पडदा बंद. "एक डाग नाही पानावर!" तो सांगायचा. "आरशासारखं जपलंय!" आम्हीही कधी त्याहून जवळ गेलो नव्हतो. खरं तर मला जायचंही नव्हतं. मला त्या खोलीतली गादी दिसायची फक्त.

शेवटी संग्रहालयाचे पारखी रविवारी सकाळी येऊन पान बघणार असं ठरलं. पसंत पडलं तर लगेच घेऊन जाणार. मी आदल्या दिवशीच गादीला नवीन चादर घातली.

पारखींची अट एकच होती. पान काचेतून नाही बघणार, उघडं बघणार. म्हणून नवऱ्याने श्वास रोखून ते फ्रेममधून काढलं, खोलीतल्या टेबलावर ठेवलं आणि त्यांना स्टेशनवरून आणायला निघाला. पहाऱ्यावर सासरे. हा माणूस आयुष्यभर कॅशियर होता. "माझ्या टेबलावर कधी एक पैसा कमी पडला नाही," हे ते जेवताना मीठ मागावं इतक्या सहज सांगतात.

"बाबा, पानाला काही झालं तर जबाबदारी तुमची," नवरा म्हणाला.

"निर्धास्त जा!" सासरे म्हणाले.

मी आंघोळीला गेले. डोक्याला शांपू, डोळ्यांत शांपू, बाहेर शांतता. आहाहा! आणि दारावर टकटक.

"सूनबाई, घरात खोडरबर आहे का गं?"

"दप्तरात बघा, बाबा!"

पाच मिनिटं गेली.

"सूनबाई, ब्लेड?"

"ब्लेड कशाला?"

"काही नाही, काही नाही! तू सावकाश आंघोळ कर."

सावकाश आंघोळ कर! लग्न झाल्यापासून हे वाक्य मला कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. ते तसंच सोडून बाहेर यायची माझी छाती झाली नाही. मी आणखी एक तांब्या घेतला.

बाहेर काय चाललं होतं, ते मला नंतर थोरलीकडून कळलं. सासऱ्यांनी चष्मा लावून पहिल्यांदाच पान जवळून पाहिलं. शाईच्या आजूबाजूला सगळीकडे निळ्या पेन्सिलीच्या रेघा! गुप्तहेराच्या कोटावर पांढऱ्या रंगाचा जाड थर! आणि त्याच्या तोंडाशी ते 'पळू नकोस, बदमाशा'वालं वाक्य चक्क वेगळ्या कागदावर लिहून वर चिकटवलेलं, कडेला पिवळा डिंक!

मूळ पान असंच असतं हो. चित्रकार आधी पेन्सिलीने काढतो, मग शाई फिरवतो, चुकलं तिथे पांढरा रंग लावतो, वाक्य बदललं तर वर कपटा चिकटवतो. छापताना त्यातलं काही दिसत नाही. शौकीन लोक या खुणांवरच तर जीव टाकतात. हे सगळं नवऱ्याला ठाऊक होतं. आम्हाला त्याने फक्त 'एक डाग नाही' एवढंच सांगितलं होतं!

सासऱ्यांनी धाकट्याला बोलावलं. "हे तू केलंस?"

"हो!" धाकटा म्हणाला.

आता, धाकटा कशालाही हो म्हणतो. दिवे तू घालवलेस का? हो! पाऊस तू पाडलास? हो! पण कॅशियरला कबुलीजबाब पुरला.

"आजोबा, बाबा मरणार?" थोरलीने रडवेल्या आवाजात विचारलं.

"कुणी मरत नाही. माझ्या टेबलावर कमी-जास्त चालत नसतं. रबर आण!"

मग आजोबा आणि नात कामाला लागले. निळ्या रेघा खोडल्या. कोटावरचा पांढरा रंग ब्लेडने खरवडला. चिकटवलेला कपटा कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवून अलगद सोडवला. रंग माळ्यावर होते, पेनं जप्त होती. पण खोडण्याच्या वस्तूंवर बंदी घालायचं नवऱ्याला सुचलंच नव्हतं!

मी केस पुसत बाहेर येते तोच पारखी आले. बारीक, टापटीप गृहस्थ. आल्याआल्या त्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला, खिशातून भिंग काढलं आणि पानावर वाकले.

"छपाई उत्तम आहे," ते म्हणाले. "आता मूळ पान दाखवा."

नवरा हसला. मग वाकला. मग हसायचा थांबला.

पान खरोखर आरशासारखं झालं होतं. फक्त पांढरा रंग गेल्यावर गुप्तहेराला चांगलं गरगरीत पोट आलं होतं. चित्रकाराने आधी काढून मग झाकलेलं! आणि कपटा निघाल्यावर खालचं आधीचं वाक्य उघडं पडलं होतं. गुप्तहेर चोराला ओरडून सांगत होता,

"जरा थांब ना रे, दम लागलाय!"

"एक रेघ शिल्लक ठेवली नाही!" सासरे अभिमानाने म्हणाले.

नवरा गादीवर बसला. माझ्या नव्या चादरीवर.

"निदान तो चिकटवलेला कपटा असता तरी बघता आलं असतं," पारखी म्हणाले. "कुठे आहे तो?"

टेबलाखाली बघितलं, केराच्या बादलीत बघितलं, धाकट्याचं तोंड उघडून बघितलं. नाही! पारखींनी भिंग खिशात घातलं, कोट चढवला, "फार वाईट वाटलं" म्हणाले आणि जिना उतरले.

धाकटा खिडकीतून त्यांना टाटा करत होता. "मी काकांना स्टिकर लावला!" तो आनंदाने म्हणाला.

आम्ही सगळे खिडकीशी धावलो. पारखी झपझप चालले होते आणि त्यांच्या पाठीवर, ओल्या डिंकाने घट्ट चिकटलेलं, लांबूनही स्वच्छ दिसत होतं: पळू नकोस, बदमाशा! कायदा तुझ्या मागेच आहे!

नवरा घरच्या चपलांनी जिन्यावरून सुटला. "थांबा! अहो, थांबा!" पारखींनी मागे वळून पाहिलं. ज्याची आपण आत्ताच निराशा केली, असा माणूस हात पसरून अंगावर धावत येतोय! ते पळायला लागले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने पाठीवरचं वाक्य वाचलं, मागून येणारा माझा नवरा पाहिला आणि कर्तव्य म्हणून पारखींची पाठ धरली. अगदी नेमकी धरली. कपट्याचे दोन तुकडे त्याच्या मुठीत आले, उरलेला कोटावर राहिला.

नवरा पोचला. गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि एवढंच म्हणू शकला, "जरा… थांबा ना हो… दम लागलाय!"

तर आता हिशेब. नवऱ्याचं नाव गेलं. सासऱ्यांनी आयुष्यात पहिली तूट पाहिली. ती ते अजून मान्य करत नाहीत. पोरांचे रंग तेवढे परत मिळाले. आता जपायचं काय उरलं होतं! पारखींच्या टॅक्सीचं भाडं आणि कोटाच्या धुलाईचे पैसे मी दिले. पान हॉलमध्ये उघडंच लावलंय. ऑफिसातून आल्यावर मी पर्स टाकते आणि त्याच्यासमोर जरा उभी राहते. या घरात माझ्या मनातलं बोलणारा तो गुप्तहेर एकटाच आहे.

आणि खोली? खोलीची कडी आतून छान लागते. रोज लागते. आत माझ्या नव्या चादरीवर नवरा दुःखात आडवा पडलेला असतो.