चपला काढून वाचणारे खंडोजीअण्णा

पेटंटचा कागद उघडण्याआधी खंडोजीअण्णा पायांतल्या चपला काढायचे. मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "वर त्या माणसाचं नाव आहे, पत्ता आहे. आपण त्याच्या घरातच शिरतो की हो, सर!"

साठ सालच्या आसपासची गोष्ट. बेंगळूरच्या एका तांत्रिक ग्रंथालयात मी साहाय्यक होतो. कलकत्त्याच्या पेटंट कचेरीतून छापील पत्रकं आमच्याकडे यायची आणि ती कुणीही बसून वाचावीत असा नियम होता. 'कुणीही' म्हणजे अण्णा. दुसरं कोणी फिरकत नसे. चामराजपेटेत त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. मराठीत निम्मं कानडी मुरलेलं. घरी मात्र एकटेच.

दर आठवड्याला अण्णांना एक शोध लागायचा. तो आधी कुणाला लागलाय का, हे बघायला ते शनिवारी यायचे आणि तो लागलेला असायचाच. दुसरा एखादा रडला असता. अण्णा टाळी वाजवायचे. "कुणीतरी आधीच केलंय! बघा सर, माझ्यासारखं डोकं नागपुरातही आहे!"

हुडकण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा मी सूचीत 'दूध' शोधत बसलो आणि त्यांनी 'भांडी व तत्सम वस्तूंमधील सुधारणा' असल्या रुक्ष मथळ्याखालून दूध उतू जाऊ न देणारं झाकण ओढून काढलं. "सरळ नाव सांगेल तो पेटंटवाला कसला? स्वल्प धीर धरायचा आणि चित्रं बघायची." पत्रक आमच्याकडे नसलं तर नंबर कळवून कलकत्त्याहून नक्कल मागवायची. ती येईपर्यंत अण्णा रोज चौकशी करायचे, बाळंतिणीची करावी तशी.

मग ते त्या संशोधकाला इंग्रजीत अभिनंदनाचं पत्र लिहायचे. उत्तराला पत्ता ग्रंथालयाचा, कारण दुकानाशेजारचे लोक हसायचे.

आमच्याकडे हसत नव्हते असं नाही. ती पत्रं अण्णा टपालात टाकायला माझ्याकडे उघडीच देत आणि मी ती चहाच्या वेळी वाचून दाखवी. 'आपल्या आकृती तीनमधली शिट्टी पाहून डोळे भरून आले.' सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दर शनिवारी अण्णा विचारायचे, "एनु सर, कुणाचं काही?"

"नाही, अण्णा."

"सरी, असू दे. मोठी माणसं. कामात असतील."

अशी दोन वर्षं गेली. मग एका शनिवारी त्यांनी विचारलंच नाही.

सोमवारी मी कचेरीच्या टाइपरायटरवर त्या झाकणवाल्याच्या, जबलपूरच्या डिसूझांच्या नावानं उत्तर लिहिलं. पाकीट फाटलं म्हणून फेकलं, असं सांगितलं. अण्णांनी ते पत्र उभं राहून वाचलं. चपला अर्थातच काढलेल्या.

त्यानंतर डिसूझांना लिहिलेली त्यांची पत्रं टपालाऐवजी माझ्या खणात जाऊ लागली. वर्षभरात मी सात उत्तरं लिहिली. डिसूझांना संधिवात दिला, एक हट्टी मुलगी दिली. हात वाहवत गेला आणि सातव्या पत्रात लिहून बसलो, 'एकदा या ना आमच्याकडे.'

पुढच्या शनिवारी अण्णा वळकटी घेऊन हजर! हातात कोडबळ्यांचा डबा, काखेत स्वतः सुधारलेलं झाकण. "संध्याकाळच्या गाडीनं मद्रास, तिथून जबलपूर. आयुष्यात पहिल्यांदा कुणी या म्हणालंय हो, सर!"

इतका लांबचा प्रवास, आणि दार उघडणार कोण? तर ज्यानं अण्णांना कधी एक ओळ लिहिली नाही असा माणूस. मी सगळं सांगून टाकलं. खणातली पत्रं त्यांच्यापुढे ठेवली. चहाच्या वेळचं हसणंही सांगितलं.

अण्णा टाइपरायटरशी गेले, कागद चढवला आणि 'ई'ची कळ दाबली. अक्षर ओळीच्या वर उडी मारून बसलं.

"डिसूझांचंही असंच उडतं," ते म्हणाले. मग बाकावर बसले आणि म्हणाले, "शोध चांगला आहे. पण नवा नाही, सर. कुणीतरी आधीच केलाय."

"कुणी?"

"मी. माझा थोरला भाऊ रंगूनला गेला, तो गप्पच झाला. आईला वाचता येत नव्हतं. चार वर्षं त्याची पत्रं मीच लिहायचो, मीच वाचून दाखवायचो. लग्नसुद्धा लावलं त्याचं."

"आईंना कळलं नाही?"

"मीही तसंच समजत होतो. जाताना माझा हात धरून म्हणाली, 'खंडू, आता नको लिहूस. दमला असशील.'"

गाडी चुकली. डिसूझांसाठी केलेली कोडबळी आम्ही दोघांनी पायरीवर बसून संपवली.

पुढच्या शनिवारी अण्णा आले. पत्रकांच्या कपाटाकडे गेले नाहीत. माझ्या टेबलाशी थांबले, चपला काढल्या आणि म्हणाले, "एनु सर, तुमचं काही?"