पितांबर नानांचं लंडनी मंत्रिमंडळ

या मंडळी, असे पुढे सरकून बसा! हरिकथेला देता तसेच कान इकडे द्या. धरणगावच्या पितांबर नानांनी सप्ताह समितीत ब्रिटिश राज्यपद्धत कशी आणली, ते सांगतो.

नाना म्हणजे कीर्तनाचं वेड घेतलेला माणूस. बुवांनी अभंगाचा पहिला चरण उचलला की नानांची मान डोलायची, दुसऱ्याला डोळ्यांना धार लागायची. एकवीस वर्षं समितीचे अध्यक्ष. काल्याच्या कीर्तनाला यावलहून जीवराम महाराज यायचे आणि त्यांच्या गळ्यात हार घालायचे ते नानाच. तो एक हार म्हणजे नानांचं वर्षभराचं पुण्य!

यंदा नानांचा पाय मुरगळला. दुपारी घरात करमेना म्हणून सून मेघाने मोबाईलवर लंडनच्या राजकारणाची हिंदीतली मालिका लावून दिली. चार दुपारी, चार भाग, आणि नाना झाले प्रोफेसर!

"अरे, सत्ता काय चीज असते ते साहेबाकडून शिका!" नाना पारावर गरजले. "हुजूर पक्ष असो की मजूर पक्ष, भांडण काय ते तोंडाने. खुर्ची फेकणं नाही, माईक तोडणं नाही. आणि पंतप्रधानाचं घर? गल्लीतला साधा दरवाजा! आपल्या जिल्हा परिषद सदस्याचं फाटक त्याहून मोठं!"

"मग दीडशे वर्षं आपल्याला लुटलं कोणी, नाना?" उपाध्यक्ष हितेंद्रने विचारलं.

"ते बाहेरचं वागणं झालं. घरात फार सभ्य माणसं!"

काल्याच्या आदल्या दिवशी समितीची बैठक भरली. हितेंद्र हळूच म्हणाला, "नाना, यंदा हार दुसऱ्या कोणी घातला तर?"

नानांच्या छातीत मृदंगाची थाप पडली. पण चौथा भाग डोक्यात ताजा होता. त्यातल्या पंतप्रधानाने सगळ्या मंत्र्यांचे राजीनामे मागितले होते, नको असलेले मंत्री गाळून नवं मंत्रिमंडळ करायला!

"सगळ्यांनी राजीनामे लिहा!" नाना कडाडले. "संध्याकाळपर्यंत नवी नेमणूक करतो!"

मोठ्या माणसाचा शब्द. बाराही जणांनी लिहून दिलं.

"मंजूर! मंजूर! मंजूर!" नाना टाळ वाजवावा तसे म्हणत गेले. "आता हितेंद्र सोडून सगळे परत आत! कौतिक, तू आचारी."

कौतिक तोवर चप्पल घालत होता. "नाना, मी आते मोकळा शे! सासूबाई अमळनेरले बिमार शे. घरवाली चार दिनपासून सांगी ऱ्हायनी." आणि तो थेट एसटी स्टँडवर!

मांडववाला म्हणाला, विचार करून कळवतो. बाकीचे मठ्ठ्यात साखर विरघळावी तसे पसार.

हितेंद्र मात्र बसून होता. "नाना, पाचवा भाग पाहिला का?"

"नाही रे. मोबाईलचा डेटा संपला."

"पाचव्यात तो एकटाच उरतो. मग राजीनामा लिहून घरी जातो."

कीर्तनातून आरतीआधी उठणाऱ्याला चारचौघांत झापणारे नाना! आणि लंडन अर्धं सोडून उठले!

"अरे, पण राजीनामा देऊ कोणाला? समितीत आहे कोण?"

"तिकडे राजाला देतात."

"आपला राजा कोण?"

हितेंद्रने देवळाच्या कळसाकडे बोट केलं.

सकाळी सहाला नाना चिठ्ठी घेऊन, लंगडत विठोबापुढे उभे. दहाला कीर्तन, मग गावजेवण, आणि आचारी अमळनेरला! "देवा, एकवीस वर्षांची लाज तुझ्या पायावर!"

तेवढ्यात देवळामागून धप्प धप्प आवाज आला. नाना वाकून बघतात तर दर सप्ताहाला राबणाऱ्या सुगंधाबाई आणि दहा-बारा बाया वरणात मोडायच्या बट्ट्यांचं पीठ तिंबताहेत! चुलीवर वरण रटरटतंय, मांडवात सतरंज्या अंथरून तयार.

"बाई, तुम्ही राजीनामा नाही दिला?"

"माले पद कव्हय दिधं व्हतं, नाना? मंग राजीनामा कशाना देऊ?"

नाना हातातली चिठ्ठी उलटीसुलटी करून बघू लागले.

"उभा काय ऱ्हायनात? बठ्ठा गाव जेवाले येई. वांगास्ना देठ काढा!"

नाना वांग्यांपुढे बसले. चिठ्ठी चुलीत गेली. थोड्या वेळाने कानकोंडा झालेला हितेंद्र आला, त्याच्याही पुढ्यात विळी आली. दोघं काळे हात घेऊन देठं काढत राहिले.

दहाला जीवराम महाराज मांडवात शिरले. "अध्यक्ष कुठे आहेत?"

हात धुऊन आलेल्या नानांसमोरच हाराचं ताट होतं. हितेंद्रसुद्धा म्हणाला, "घाला, नाना." नानांनी हात पुढे केला, मागे घेतला आणि लंगडत देवळामागे गेले.

"बाई, चला. हार घालायचाय."

"मी? मना हात पीठना शेतस!"

"महाराजांना पिठाचं वावडं नाही. चला!"

सुगंधाबाईंनी हार घातला. महाराजांच्या खांद्यांवर पिठाची दहा बोटं उमटली आणि तशीच मिरवत महाराजांनी असा काला रंगवला की नानांना पहिल्या चरणालाच धार लागली.

नवं मंत्रिमंडळ दुपारीच झालं. सुगंधाबाई अध्यक्ष. हितेंद्र, लंडनमध्ये म्हणतात तसा, राजाचा निष्ठावंत विरोधी पक्ष, म्हणजे ताटं धुणं. आणि नानांकडे वांगी खातं!

तर मंडळी, तुमच्या गावच्या पंगतीत गरम बट्टी मोडाल, तेव्हा सुगंधाबाईंची आठवण ठेवा. आणि भाजीत एखादं देठ सापडलंच तर बोभाटा करू नका. नाना अजून खात्यात नवीन आहेत!