रॅडिकल: दोन चिठ्ठ्या आणि दोन भाऊ

अकरा वर्षांचा अबोला मी चार दिवसांत मोडून दाखवतो, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

"आणि आणखी बिघडलं तर?" तिने कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं.

"आणखी बिघडायला शिल्लक काय आहे?"

(होतं. बरंच होतं.)

अबोला बाबांचा आणि काकांचा. दोघं एकाच कॉलेजात. बाबा रसायनशास्त्र शिकवायचे, धाकटे काका राज्यशास्त्र. शिवाय काका शिक्षक संघटनेचे अध्यक्ष. काकांनी पुकारलेल्या संपाच्या पहिल्याच दिवशी बाबांनी प्रयोगशाळा उघडून मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा घेतली. आत बाबा, फाटकाबाहेर घोषणा देणारे काका. तेव्हापासून बोलणं बंद. आता दोघंही निवृत्त, घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आणि मध्ये निरोप पोचवायला मी.

मी शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांचे अर्थ जमवतो. त्या आठवड्यात माझ्या वाट्याला 'रॅडिकल' आला. राजकारणात जहाल, तर रसायनात मूलक, म्हणजे जोडीशिवायचा इलेक्ट्रॉन असलेला कण. दोन्ही तज्ज्ञ घरचेच. मी खुर्चीतल्या खुर्चीत उडालो.

आमच्याकडे एक पद्धत आहे. तज्ज्ञाने अर्थ सोप्या भाषेत, स्वतःच्या हाताने लिहायचा. मग वरचा शब्द आम्ही कात्रीने कापतो, खाली प्रश्न लिहितो आणि चिठ्ठी वेगळ्या विषयाच्या माणसाला देतो. त्याने शब्द ओळखला तर अर्थ पास. मी बाबांची चिठ्ठी काकांकडे टाकली आणि काकांची बाबांकडे. पद्धत समजावून सांगायची तेवढी राहिली.

काकांच्या हातात पडलेली चिठ्ठी:

*जोडी नाही. म्हणून अस्थिर. समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. फार वेळ टिकत नाही.*
*हे कोण किंवा काय? एका शब्दात लिहा: ........*

काकू जाऊन तीन वर्षं झालेली. आणि अक्षर थोरल्या भावाचं.

संध्याकाळी काका आमच्या दारात. अकरा वर्षांत पहिल्यांदा. चिठ्ठी त्यांनी माझ्या छातीवर ठेवली. रिकाम्या जागेत लिहिलं होतं: *मी.*

"तुझ्या बापाला सांग, लिहिलंय ते खरं आहे. पण असं पोराच्या हाती पाठवायचं नसतं."

"काका, अहो, ते मूलक..."

"माझं मूळ काढू नकोस."

आतून बाबा आले. त्यांच्याही हातात चिठ्ठी. काकांनी लिहिलेला अर्थ असा होता:

*वरवरच्या दुरुस्तीने समाधान नाही. मुळाशी हात घालतो. तडजोड करत नाही, माणसं दुरावली तरी.*

आणि खाली बाबांचं उत्तर: *धाकटा.*

काकांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"हे रॅडिकल आहे, दादा. राज्यशास्त्रातलं."

"असेल. मला वाटलं, तू स्वतःबद्दल लिहून पाठवलंस. दुपारपासून चार वेळा वाचलं." बाबांनी माझ्या हातातली चिठ्ठी ओढून घेतली. "आणि तू हे काय 'मी' लिहून ठेवलंस? मागे बघितलंस का?"

बाबा कागद वाचवतात. अर्धा अर्थ मागच्या बाजूला होता. तो मीही पाहिला नव्हता.

*असे दोन एकमेकांना भेटले, तर त्यांची जोडी जमते. मग दोघेही शांत.*

काकांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"दादा, हेही शास्त्रातलंच?"

"शास्त्रातलंच," बाबा म्हणाले. "चपला काढ आणि आत ये."

मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ती डोळे पुसत होती, त्यामुळे माझी मुद्रा वाया गेली.

दुसऱ्या दिवशी मुख्य संपादकांनी दोन्ही चिठ्ठ्या लाल शाईचा शेरा मारून परत केल्या. *'मी' आणि 'धाकटा': दोन्ही उत्तरे चूक. व्याख्या नापास.*

घरी आलो तर दोघं टेबलावर कागद पसरून बसलेले. 'तुटून पडतो' ठेवायचं की काढायचं, यावर वाद चाललेला. मी चाचरत निकाल सांगितला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"व्याख्येत काही चूक नाही," बाबा म्हणाले.

"अजिबात नाही," काका म्हणाले. "याला नीट विचारताच आलं नाही."

अकरा वर्षांत त्यांचं एकमत झालं ते हे एवढंच.